संकटकाळासाठी रायफल कोणती? अमेरिकेतल्या ‘प्रेपर्स’चा न संपणारा वाद आणि त्यामागचं गणित

पाण्याचे कॅन, डबाबंद अन्न, टॉर्च, बॅटऱ्या, औषधं... आणि एक रायफल!

अमेरिकेत वादळ, बर्फवृष्टी किंवा लांबलेल्या वीजटंचाईची तयारी आधीच करून ठेवणाऱ्यांना ‘प्रेपर’ म्हणतात. २००५ चं कतरिना वादळ असो किंवा फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये थंडीने कोलमडलेली वीजव्यवस्था, सरकारी मदत पोहोचायला वेळ लागतो हे तिथल्या लोकांनी पाहिलं आहे. शस्त्र बाळगण्याचा हक्क तिथे १७९१ पासून राज्यघटनेतच आहे. त्यामुळे अनेकांच्या तयारीच्या यादीत बंदूक येते आणि मग एकच वाद रंगतो : कॅलिबर कोणतं घ्यायचं?

कॅलिबर म्हणजे नेमकं काय?

ढोबळमानाने, नळीचा किंवा त्यातून सुटणाऱ्या गोळीचा व्यास. अमेरिकेत तो इंचात सांगतात. .२२ म्हणजे इंचाचे बावीस शतांश, साधारण साडेपाच मिलिमीटर.

पण नुसता व्यास फसवा असतो. .२२ आणि .२२३ या दोन गोळ्यांची जाडी जवळपास सारखीच आहे. तरीही .२२३ ची ऊर्जा .२२ च्या सुमारे दहापट भरते, कारण तिच्या काडतुसात दारू कितीतरी जास्त असते आणि गोळी फार वेगाने सुटते. म्हणून आकड्यासोबत काडतुसाचं पूर्ण नावही पाहावं लागतं.

चर्चेतली तीन नावं

.२२ लाँग रायफल : १८८७ पासून चालत आलेलं छोटं काडतूस. धक्का जवळपास नाही, आवाज कमी, किंमत कमी. नवशिक्यांचा सराव आणि ससा-खारीची शिकार यांसाठी ते वापरतात. १९६४ पासून बनणारी ‘रुगर १०/२२’ ही यातली सर्वांत परिचित रायफल. मर्यादा मात्र स्पष्ट आहेत. अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीला हे काडतूस कायद्यानेच चालत नाही. शिवाय ते ‘रिमफायर’ आहे, म्हणजे पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो. त्यामुळे गोळी न उडण्याचं प्रमाण थोडं जास्त असतं आणि रिकामं काडतूस घरी पुन्हा भरणंही व्यवहार्य नसतं.

.२२३ रेमिंग्टन : ‘एआर-१५’ प्रकारच्या रायफलींचं नेहमीचं काडतूस. धक्का सौम्य, नेम सरळ. अमेरिकी लष्कराच्या ५.५६ मिमी काडतुसाचं हे जुळं भावंड असल्याने उत्पादन प्रचंड होतं. मोठ्या जनावरासाठी मात्र काही राज्यांत ते अपुरं मानलं जातं.

.३०८ विंचेस्टर : १९५२ मध्ये आलेलं शिकाऱ्यांचं आवडतं काडतूस. हरणापासून एल्कपर्यंत सगळ्याला पुरतं. पण धक्का जोरदार आणि किंमत जास्त, त्यामुळे सराव कमी होतो.

खरं गणित वजनाचं

.२२ ची ५०० काडतुसं साधारण पावणेदोन किलो भरतात. .२२३ ची तेवढीच काडतुसं सहा किलोंच्या आसपास, तर .३०८ ची जवळजवळ बारा किलो! घरात कपाटात ठेवायची असतील तर हा फरक जाणवत नाही. घर सोडून निघायची वेळ आली, तर प्रत्येक किलो पाणी आणि अन्नाच्या जागेतून जातो.

२०२० ने शिकवलेला धडा

कोविडच्या वर्षात अमेरिकेत बंदूकखरेदीशी संबंधित पार्श्वभूमी तपासण्या जवळपास चार कोटींवर गेल्या. दुकानांतली काडतुसांची फळ्यांची फळी रिकामी झाली. त्याआधी २०१३ च्या सुमारास तर सर्वांत स्वस्त आणि ‘कुठेही मिळणारं’ .२२ च महिनोन्‌महिने मिळेनासं झालं होतं. म्हणूनच तिथले अनुभवी लोक दुर्मीळ, नवलाईच्या कॅलिबरपेक्षा गावातल्या दुकानात आणि शेजाऱ्याकडेही मिळेल असं कॅलिबर घ्यायला सांगतात. काडतुसं थंड, कोरड्या जागी हवाबंद डब्यात ठेवली तर ती अनेक दशकं टिकतात.

सारखी दिसणारी काडतुसं, जिवावरची चूक

५.५६ मिमी आणि .२२३ ही काडतुसं बाहेरून सारखीच दिसतात, पण ५.५६ चा दाब जास्त असू शकतो. म्हणून फक्त .२२३ साठी बनलेल्या रायफलीत ते वापरू नये, असं सांगितलं जातं. त्याहून घातक जोडी म्हणजे ‘.३०० ब्लॅकआऊट’ आणि .२२३. दोन्ही एकाच मॅगझिनमध्ये बसतात. चुकून .३०० चं काडतूस .२२३ च्या नळीत उडालं तर रायफल फुटू शकते. नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचा शिक्का जुळवून पाहणं हाच त्यावरचा उपाय. घरात एकच कॅलिबर ठेवलं तर हा धोका मुळातच टळतो.

धोका घरातच असतो तेव्हा

अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. २०२० पासून मुलं आणि किशोरवयीनांच्या मृत्यूचं पहिलं कारणही बंदूकच आहे. संकट कदाचित येणारही नाही, पण रायफल मात्र रोज घरात असते. म्हणून ती रिकामी करून कुलूपबंद ठेवणं आणि काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवणं ही प्राथमिक गरज मानली जाते.

भारतात काय स्थिती?

इथे हा प्रश्न कायदाच सोडवतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि काडतुसं किती घ्यायची हेही परवान्यावर ठरतं. लष्करी वापराची कॅलिबर्स ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडतात. ब्रिटिश काळात लष्कराची .३०३ सामान्यांना नाकारली गेली, म्हणूनच .३१५ बोअरची रायफल इथे रुजली.

मग उत्तर काय?

सर्वांत ताकदवान कॅलिबर म्हणजे सर्वांत चांगलं, असं नाही. जे कायदेशीर आहे, सहज मिळतं, ज्याचा सराव परवडतो आणि जे सुरक्षित ठेवता येतं, ते उपयोगाचं. आणि एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी : अमेरिकी सरकारच्या आपत्ती-तयारीच्या यादीत सुरुवातीलाच माणशी रोज एक गॅलन, म्हणजे सुमारे पावणेचार लिटर पाणी आहे. त्यापुढे अन्न, रेडिओ, टॉर्च, प्रथमोपचार पेटी, अगदी शिट्टीसुद्धा आहे. रायफल मात्र त्या यादीत नाही.