तलवार, खेचर आणि रोजचे ठिपके

आजचा एपिसोड छोटा आहे, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. मागच्या महिन्यात सकाळच्या मीटिंगमध्ये मी टीममधल्या एका ज्युनियरला सगळ्यांसमोर झापलं. नंतर बग माझाच निघाला. त्या दिवशी फोनवरच्या हॅबिट ट्रॅकरमध्ये एक ओळ टाकली: ‘आज चिडलो का?’ दहा दिवस सगळे चौकोन लाल. अकराव्या दिवशी अ‍ॅपच उडवलं.

मग वाचता वाचता कळलं, हे ट्रॅकर प्रकरण जवळपास पाचशे वर्षं जुनं आहे.

स्पेनच्या बास्क भागातला इनिगो, म्हणजे पुढचा संत इग्नेशियस लोयोला. दरबारी माणूस, तलवार आणि अब्रू हेच जग. २० मे १५२१ ला पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या वाचायला शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या, घरात सापडलं येशूचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा येते, पण नंतर मन कोरडं पडतं. संतांसारखं जगायचा विचार केला की नंतरही बरं वाटत राहतं.

पण माणूस एका रात्रीत बदलत नाही हो. १५२२ मध्ये तो खेचरावरून मोन्सेरातच्या मठाकडे निघाला. वाटेत एका मुस्लिम प्रवाशाशी मरियामातेवरून वाद झाला. तो माणूस पुढे निघून गेला आणि याच्या डोक्यात आलं, गाठावं आणि खंजीर खुपसावा. काही ठरेना. शेवटी फाट्यावर लगाम सैल सोडला: खेचर त्या माणसाच्या गावाकडे वळलं तर मारायचं. गावाची वाट चांगली रुंद होती, तरी खेचर दुसऱ्या वाटेनं गेलं. ही गोष्ट उतारवयात त्यानं स्वतःच सांगून ठेवलीय. लपवता आली असती.

मान्रेसा गावात हाच राग स्वतःवर उलटला. कन्फेशन करूनही वाटायचं, एखादं पाप सांगायचं राहिलंच. पुन्हा कन्फेशन, पुन्हा शंका. आठवडाभर अन्न सोडलं. खोलीतल्या खड्ड्यात उडी टाकून जीव द्यावा, इथवर मजल गेली. अखेर त्यानं जुनी पापं उकरणं थांबवलं. तिथल्या टिपणांमधून ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक वाढत गेलं. १५४८ मध्ये पोपनी त्याला मान्यता दिली.

ट्रॅकर याच पुस्तकात आहे. एकच दोष निवडायचा. सकाळी उठल्यावर ठरवायचं, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर आठवून बघायचं. दिवसाच्या दोन रेघा, जितक्यांदा घसरलो तितके ठिपके. आजचे ठिपके कालच्याशी ताडून बघायचे. चूक झाली की तिथल्या तिथे हात छातीवर. आजूबाजूच्यांना कळतही नाही.

मग माझ्या अ‍ॅपमध्ये काय नव्हतं? त्याच्या रोजच्या मोठ्या आढाव्यात पाच पायऱ्या आहेत. पहिली, जे मिळालं त्याबद्दल देवाचे आभार. चुकांचा हिशोब तिसऱ्या पायरीवर, क्षमा मागणं चौथ्या. मला वाटतं, मान्रेसातला तो खड्डा पाहिलेला माणूसच असा क्रम लावू शकतो.

पुस्तकाच्या सुरुवातीला अजून एक सूचना आहे, साधना देणाऱ्यासाठी आणि घेणाऱ्यासाठी. समोरच्याच्या बोलण्याचा आधी चांगला अर्थ लावायचा. लागत नसेल तर त्यालाच विचारायचं, तुला काय म्हणायचंय. चुकतच असेल तर प्रेमानं सुधारायचं. एका वाक्यावरून खंजीर उपसायला निघालेला माणूस हे लिहितो!

(ओल्ड गोव्याला गेला असाल तर ही साखळी तुम्ही पाहिलीय. फ्रान्सिस झेवियर हा इग्नेशियसच्या पहिल्या साथीदारांपैकी. १५४२ मध्ये तो गोव्यात उतरला.)

मी कॅथलिक नाही. आभार कोणाचे मानायचे, यावर माझं अजून अडतं. पण ज्युनियरला चहाला नेलं आणि सॉरी म्हटलं. ‘दादा, मी विसरलोपण होतो,’ म्हणाला. विसरला नव्हता, दिसत होतं. आता मॉनिटरशेजारी एक कागद आहे, त्यावर रेघा. कालचे ठिपके चार. तीन ऑफिसातले, एक आईशी फोनवर.