जमा केलेली बंदूक

२०१९ च्या विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली, तेव्हा मी वडिलांची बंदूक पोलीस ठाण्यात नेऊन दिली. एकनळी, बारा बोअरची, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. केळीच्या बागेत रानडुकरं घुसायची म्हणून वडिलांनी ती घेतली होती. चामड्याचा पट्टा तुटल्यावर आईनं तिला जुन्या लुगड्याचा काठ दुहेरी शिवून दिला होता, तो अजून तसाच आहे. हवालदारानं नळी मोडून आत पाहिलं, नंबर परवान्याच्या पुस्तकाशी ताडला, सुतळीनं चिठ्ठी बांधली आणि पावती दिली. कोठीत आणखी बऱ्याच बंदुका भिंतीला टेकून ठेवलेल्या होत्या. प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी.

६ ऑक्टोबरला, रविवारी रात्री, भुसावळात पाच माणसं मारली गेली. भाजपचे एक नगरसेवक, त्यांचा भाऊ, दोन मुलं आणि आणखी एक जण. जुन्या वैरातून हल्लेखोर थेट घरावर चालून आले. हातात गावठी पिस्तुलं आणि चाकू. त्या रात्री माझी बंदूक कोठीत होती. भुसावळात ज्यांतून गोळ्या सुटल्या, त्या हत्यारांची पावती कुठल्याच ठाण्यात फाडलेली नव्हती.

पुढचे आठ दिवस आमच्या चोपड्याच्या स्टँडवर, दवाखान्यात, मारुतीच्या पारावर दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे आरोपींना भर चौकात फाशी द्या. कुणी म्हणे सगळ्यांचे परवाने रद्द करा. एक व्यापारी मला म्हणाले, "सर, उलट प्रत्येक घराला परवाना द्या, मग बघू कोण घुसतं ते." मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आहे. हा वाद खानदेशात नवा नाही, हे त्यांना सांगायचं होतं, पण तेव्हा कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. म्हणून आता लिहितो आहे.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि खानदेश इंग्रजांच्या हाती आला. सातपुड्यातले भिल्ल त्यांना जुमानत नव्हते. १८२५ मध्ये औट्रम नावाचा तरुण अधिकारी धरणगावला आला आणि त्यानं भिल्ल पलटण उभी केली. त्यानं भिल्लांबरोबर शिकार करून त्यांचा विश्वास मिळवला. दहा वर्षांत त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी दोनशेच्या आसपास वाघ मारल्याचं सांगतात. कालपर्यंत ज्याला दरोडेखोर म्हटलं, त्याच्याच हाती सरकारनं बंदूक दिली. पलटणीतल्या भिल्लाच्या हाती बंदूक आणि डोंगरातल्या त्याच्या भावाच्या हाती तीरकामठा, असा फरक तेव्हापासून पडला. धरणगावातून जाताना हे आठवतं मला. हत्यार कुणाच्या हाती शोभतं, याचा निवाडा आपल्या भागात पहिल्यांदा तिथं झाला.

खाज्या नाईक याच व्यवस्थेतला. सेंधवा घाटाच्या रस्त्यावर तो सरकारचा पहारेकरी होता. पुढे नोकरीतून काढला, तुरुंगात टाकला, आणि १८५७ मध्ये तोच माणूस हजारो भिल्ल घेऊन इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीला लढाई झाली. तिथं पकडलेल्या भिल्लांना घाईघाईनं चौकशी करून गोळ्या घातल्या. तीरकामठ्यांपुढे सरकारी बंदुका होत्या.

त्या उठावापासूनच सरकारनं देश निःशस्त्र करायला घेतला. १८५७ आणि १८६० चे कायदे झाले, आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात तो प्रसिद्ध हत्यारबंदी कायदा आला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक ठेवता येणार नव्हती. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. १८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसचं तिसरं अधिवेशन भरलं. या कायद्यानं लोकांचे हाल होतात आणि त्यांच्या निष्ठेवर कारण नसताना डाग लागतो, असा ठराव तिथं झाला. १९३१ च्या कराची ठरावात तर मूलभूत हक्कांच्या यादीतच, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. पाच वर्षांनी काँग्रेस आमच्या दारी आली. डिसेंबर १९३६, फैजपूर, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. माझे आजोबा बैलगाडीनं गेले होते. त्यांच्या पिढीला बंदुकीचा परवाना ही स्वाभिमानाची गोष्ट वाटे. आज परवाना म्हटलं की आपल्याला पुढाऱ्यामागचा अंगरक्षक आठवतो.

आणि नंदुरबार. ९ सप्टेंबर १९४२. हातात झेंडा घेतलेल्या पोरांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. ही पाच नावं मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहीत असे आणि तास संपेपर्यंत पुसू देत नसे. ती सरकारी बंदूक होती, नोंदवहीतली, काडतुसांचा हिशोब असलेली. नोंद असली म्हणजे बंदूक निरुपद्रवी होते, असं मी कधी मुलांना शिकवलं नाही.

डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामथांनी शस्त्र बाळगण्याच्या हक्काची सूचना मांडली. कराचीचा ठराव त्यांच्या पाठीशी होता. डॉ. आंबेडकरांनी सूचना स्वीकारली नाही आणि ती फेटाळली गेली. माझ्या मते आपल्या देशावरचा तो मोठा उपकार आहे. परक्या सरकारनं हिरावून घेतलं म्हणून जे मागितलं, ते आपलं सरकार आल्यावर तसंच्या तसं घटनेत घालायचं नाही, एवढं भान त्या सभागृहाला होतं. पुढे १९५९ चा शस्त्र कायदा आला. माझ्या वडिलांना जो परवाना मिळाला, तो या कायद्याखाली. हक्क म्हणून नव्हे, गरज दाखवून. अर्ज, चौकशी, तलाठ्याचा दाखला, रानडुकरांनी केलेल्या नुकसानीचा पंचनामा. बंदूक घरी आली त्या रात्री आजी म्हणाली होती, "घरमा बंदूक शे, तर झोप कसानी?" बरीच वर्षं तिनं ती बंदूक वडिलांच्या उशाशी ठेवू दिली नाही. कोठारात, धान्याच्या कणगीमागे असायची.

आता ज्या गोष्टीबद्दल आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं आणि फार कमी लिहिलं जातं, ती सांगतो. चोपडा तालुक्याच्या उत्तर टोकाला उमर्टी आहे. नदी ओलांडली की मध्य प्रदेश, आणि पलीकडे त्याच नावाचं गाव, बडवानी जिल्ह्यात. तिथं शिकलीगरांची वस्ती आहे. शिकलीगर म्हणजे हत्यारांना धार आणि झळाळी देणारा. शीख गुरूंच्या सैन्यासाठी तलवारी, भाले घडवणारे ते कारागीर. हत्यारबंदी कायद्यानं बंदुकीचं काम परवानेवाल्यांपुरतं उरलं आणि राजेरजवाड्यांचं गिऱ्हाईकही सरलं. हातात कसब राहिलं, पण त्याचा धंदा गुन्हा झाला. काही घरं विळे, कुलपं, कढया करू लागली. काही घरांत मात्र भाता पेटता राहिला. भंगारातलं लोखंड, कानस, ड्रिल आणि उपजत हात. त्यातून गावठी कट्टा निघतो, आणि अलीकडे मॅगझिनवालं पिस्तूलही. बुऱ्हाणपूरकडचं पाचोरी आणि खरगोनकडचं सिगनूर ही गावंही याच कामासाठी पोलिसांच्या कागदावर आहेत. जळगाव, धुळे, नाशिक, पुणे, कुठंही कट्टा सापडला की तपास बऱ्याचदा सातपुड्याकडे वळतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये चोपडा ग्रामीण पोलिसांचं पथक शस्त्रविक्रीच्या संशयिताला पकडायला उमर्टीला गेलं, तेव्हा जमावानं हल्ला करून एका पोलिसाला पलीकडे पळवून नेलं. मध्य प्रदेश पोलिसांच्या मदतीनं त्याची सुटका झाली. नोव्हेंबरात पुणे पोलीस एवढ्या लांबून येऊन उमर्टीतल्या भट्ट्या उद्ध्वस्त करून गेले. छापे पडलेच पाहिजेत, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण भट्टी म्हणजे चार विटा आणि एक भाता. ती फोडली तर आठवड्यात पुन्हा लागते, कारण ज्या घरातल्या पोराला दुसरं कामच दिलं नाही, ते पोर तिथंच असतं.

फेब्रुवारी २०२४ ची सुरुवात आठवा. २ तारखेला उल्हासनगरात पोलीस ठाण्यातच एका आमदारानं गोळ्या झाडल्या. ७ तारखेला आमच्या चाळीसगावात एका माजी नगरसेवकावर त्यांच्या कार्यालयात गोळीबार झाला आणि ते पुढे दगावले. ८ तारखेला दहिसरला समाजमाध्यमावर थेट प्रक्षेपण चालू असताना खून झाला. गृहमंत्र्यांच्या राजीनाम्याची मागणी झाली, परवान्यांचा फेरआढावा घ्या असं सगळे म्हणू लागले. ते बरोबरच होतं, कारण उल्हासनगर आणि दहिसर या दोन्ही ठिकाणची हत्यारं परवान्याची होती. म्हणून परवानाधारक तेवढे निर्दोष, असं मी स्वतः परवानाधारक असूनही म्हणणार नाही. पण चाळीसगावच्या चित्रणात तोंड बांधून धावत येणारी पोरं पाहिली, तेव्हा मला त्यांच्या वयाचंच दुःख झालं.

कारण माझाच एक विद्यार्थी तसा सापडला होता. नाव सांगत नाही. दहावीत भूमितीत हुशार, आयटीआयला लेथवर हात बसलेला. वाढदिवसाला कमरेला कट्टा लावून त्यानं फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. कुणावर गोळी झाडली नव्हती, झाडणारही नव्हता. खोक्यात पाच काडतुसं होती, पाचही नवी. तो मला कोर्टाच्या आवारात भेटला आणि पाया पडायला वाकला. मी विचारलं, "कशाला रे घेतलास?" म्हणाला, "सर, लोकं मान देतात." २०१९ च्या डिसेंबरात शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली, बेकायदा हत्यार बनवणाऱ्याला किमान सात वर्षांची शिक्षा, लग्नात हौसेनं गोळ्या झाडणाऱ्यालाही तुरुंग. त्या पोरानं यातलं एक अक्षर ऐकलेलं नव्हतं.

ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला एका माणसानं ३५ जणांना मारलं. बारा दिवसांत तिथल्या केंद्र आणि राज्य सरकारांनी मिळून नियम ठरवले आणि नंतर सुमारे साडेसहा लाख बंदुका लोकांकडून पैसे देऊन परत घेतल्या. आपल्याकडे परत घ्यायची आहेत ती हत्यारं नोंदवहीत नाहीत, म्हणून काम वेगळं आहे. ते दोन राज्यांचं मिळून आहे. उमर्टीच्या दोन्ही काठांवर कानस चालवणाऱ्या हातांना यंत्रशाळा द्या, सरकारी कारखान्यांत भरती द्या, आणि ज्याच्याजवळ कट्टा आहे त्याला तो मुदतीत विनाचौकशी जमा करू द्या. मग छापे टाका.

आणि आपण, चोपडा-यावल-शिरपूरकडच्या शिक्षकांनी, पालकांनी. आपल्या पोराच्या मोबाईलवर कट्ट्याचा फोटो दिसला, तर शेजारी बघतील म्हणून झाकू नका. त्याच संध्याकाळी त्याच्याजवळ बसा, ओळखीचा वकील बरोबर घ्या आणि तो कट्टा ठाण्यात नेऊन द्या. उशीर झाला तर मग कोर्टाच्या आवारात भेटावं लागतं.