आल्सास वाइन मार्ग

आल्सास वाइन मार्ग हा फ्रान्सच्या ईशान्य भागातील आल्सास प्रांतातून जाणारा सुमारे १७० किलोमीटर लांबीचा पर्यटनमार्ग आहे. उत्तरेकडील मार्लेनहाइम या गावापासून तो सुरू होतो आणि दक्षिणेकडील तान या नगरात संपतो. व्होज पर्वताच्या पूर्व पायथ्याशी असलेल्या द्राक्षमळ्यांमधून तो शंभराहून अधिक गावांना जोडत जातो. ३० मे १९५३ रोजी या मार्गाचे उद्घाटन झाले. त्या दिवशी मोटारींचे दोन ताफे मार्लेनहाइम व तान येथून एकाच वेळी निघाले होते. फ्रान्समधील जुन्या वाइन मार्गांमध्ये त्याची गणना होते.

सलग गाडी चालवल्यास हे अंतर एका दिवसात सहज पार होते. तथापि मार्गाचे खरे स्वरूप थांब्याथांब्याने, सावकाश केलेल्या प्रवासातच लक्षात येते. १८७१ ते १९४५ या ७५ वर्षांत आल्सासवरील सत्ता चार वेळा बदलली. त्या घडामोडींच्या खुणा गावांच्या नावांत, घरांच्या बांधणीत, स्मारकांत आणि वाइनच्या बाटल्यांवरही आढळतात.

भूगोल व हवामान

आल्सास म्हणजे पश्चिमेस व्होज पर्वत आणि पूर्वेस ऱ्हाइन नदी यांमधील दक्षिणोत्तर चिंचोळा पट्टा होय. ऱ्हाइनच्या पलीकडे जर्मनी लागते. ग्रां बालों हे व्होजमधील सर्वांत उंच शिखर १,४२४ मीटर उंचीचे आहे. अटलांटिक महासागराकडून येणारे बाष्पयुक्त वारे या पर्वताच्या पश्चिम उतारावर व माथ्यावर पाऊस पाडतात. त्यामुळे पूर्वेकडील पट्टा पर्जन्यछायेत येतो. सह्याद्रीच्या पूर्वेस देशावर पाऊस कमी का पडतो, याचे कारणही हेच आहे. कोलमार हे फ्रान्समधील सर्वांत कोरड्या शहरांपैकी एक असून तेथे वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो.

द्राक्षमळे साधारणतः २०० ते ४०० मीटर उंचीच्या, पूर्व व आग्नेय दिशांना तोंड असलेल्या उतारांवर आहेत. भूकवचातील प्रस्तरभंगांमुळे येथील जमिनीत विलक्षण विविधता आहे. ग्रॅनाइट, चुनखडी, वालुकाश्म, चिकणमाती आणि ज्वालामुखीजन्य खडक थोड्याथोड्या अंतरावर आढळतात. एकाच जातीच्या द्राक्षांपासून केलेली वाइन शेजारच्या दोन गावांत वेगळी लागते, त्यामागे हे एक प्रमुख कारण आहे.

इतिहास

या प्रदेशात द्राक्षलागवड रोमन काळापासून होत आली आहे. मध्ययुगात आल्सास पवित्र रोमन साम्राज्याचा भाग होता व येथील वाइन ऱ्हाइन नदीतून उत्तर युरोपात जात असे. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–१६४८) गावे ओस पडली. १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहानंतर आल्सासचा मोठा भाग फ्रान्सकडे गेला आणि १६८१ मध्ये स्त्रासबुर्ग शहरही फ्रान्सच्या ताब्यात आले.

फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर १८७१ मध्ये आल्सास जर्मन साम्राज्यास जोडण्यात आला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, तो फ्रान्सकडे परतला. १९४० मध्ये नाझी जर्मनीने तो पुन्हा आपल्यात सामील करून घेतला. ऑगस्ट १९४२ पासून येथील तरुणांना जर्मन सैन्यात सक्तीने भरती करण्यात आले. आल्सास व शेजारच्या मोझेल विभागांतील अशा सुमारे १,३०,००० जणांना ‘मालग्रे-नू’, म्हणजे ‘आमच्या इच्छेविरुद्ध’ गेलेले, असे म्हटले जाते. त्यांपैकी हजारो जण परत आले नाहीत.

२३ नोव्हेंबर १९४४ रोजी स्त्रासबुर्ग मुक्त झाले, परंतु कोलमारच्या परिसरात जर्मन सैन्य फेब्रुवारी १९४५ पर्यंत तग धरून होते. या लढाईत बेनवीर, सिगोल्सहाइम व आमेर्श्वीर ही द्राक्षमळ्यांची गावे जवळजवळ पूर्णपणे उद्ध्वस्त झाली. काही किलोमीटरवरील रिकवीर मात्र बचावले. वाइन मार्गाचे उद्घाटन झाले, तेव्हा युद्ध संपून आठच वर्षे झाली होती. आजही मार्गावर सोळाव्या शतकातील लाकडी चौकटींच्या घरांचे गाव मागे पडताच १९५० च्या सुमारास नव्याने बांधलेले गाव लागते. सिगोल्सहाइमजवळच्या टेकडीवर, द्राक्षमळ्यांच्या मधोमध, सैनिकांचे राष्ट्रीय स्मशान आहे.

द्राक्षे व वाइन

जर्मन साम्राज्याच्या काळात आल्सासमध्ये मुख्यतः मिश्रणासाठी लागणारी स्वस्त वाइन मोठ्या प्रमाणावर तयार होई. १९१८ नंतर उत्पादकांनी हळूहळू दर्जेदार जातींची लागवड वाढवली. फ्रान्सचे नियंत्रित उत्पत्तिनाम ‘आल्सास’ला १९६२ मध्ये मिळाले. १९७५ मध्ये ‘ग्रां क्र्यू’ हा निवडक मळ्यांचा दर्जा आणि १९७६ मध्ये ‘क्रेमां दाल्सास’ हे फेसाळ वाइनचे उत्पत्तिनाम अस्तित्वात आले. ग्रां क्र्यू मळ्यांची संख्या ५१ आहे.

येथील बहुतांश वाइन पांढरी असते. फ्रान्सच्या इतर अनेक भागांत बाटलीवर गावाचे किंवा मळ्याचे नाव ठळक असते. आल्सासमध्ये मात्र द्राक्षाच्या जातीचे नाव देण्याची प्रथा आहे. रीसलिंग, गेवुर्त्स्त्रामिनेर, पिनो ग्री, मुस्का, सिल्वानेर, पिनो ब्लां व पिनो न्वार या प्रमुख जाती होत. उंच, निमुळत्या बाटलीला ‘फ्ल्यूत’, म्हणजे बासरी, म्हणतात. १९७२ पासून आल्सास वाइन त्याच प्रदेशात बाटलीबंद करणे बंधनकारक आहे. पिनो ग्रीला पूर्वी ‘तोके’ म्हणत. हंगेरीतील तोकाय वाइनशी होणारा गोंधळ टाळण्यासाठी २००७ पासून ते नाव वापरातून गेले.

उशिरा तोडलेल्या, अधिक साखर साठलेल्या द्राक्षांच्या वाइनला ‘व्हांदांज तार्दीव्ह’ असे नाव आहे. पांढऱ्या वाइनमधील गोडीचे प्रमाण कळावे म्हणून २०२१ च्या हंगामापासून बाटलीवर ‘सेक’ (कोरडी), ‘दमी-सेक’, ‘म्वालो’ किंवा ‘दू’ (गोड) असा उल्लेख करणे आवश्यक झाले आहे.

मार्गावरील प्रमुख ठिकाणे

स्त्रासबुर्ग हे शहर प्रत्यक्ष मार्गावर नसले, तरी बहुतेक प्रवासी येथूनच सुरुवात करतात. येथील कॅथेड्रलचा मनोरा १४२ मीटर उंच असून तो १४३९ मध्ये पूर्ण झाला. १६४७ ते १८७४ या काळात ती जगातील सर्वांत उंच इमारत होती. ‘ग्रांद-ईल’ हा शहराचा जुना भाग १९८८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. शहरातील जुन्या रुग्णालयाच्या तळघरात १४७२ सालच्या वाइनचे पिंप जपलेले आहे. युरोपीय परिषदेची स्थापना १९४९ मध्ये झाली आणि तिचे मुख्यालय याच शहरात आहे.

उत्तर भागात मॉल्सहाइम, ओबेर्ने, बार, मित्तेलबेर्गहाइम, आंद्लो व दांबाक-ला-विल ही ठिकाणे लागतात. ओबेर्नेजवळील साँत-ओदील पर्वतावर आल्सासच्या संरक्षक संत ओदील यांचा मठ आणि सुमारे १० किलोमीटर लांबीची प्राचीन दगडी भिंत आहे. मित्तेलबेर्गहाइमचा त्सोत्सेनबेर्ग हा मळा सिल्वानेर द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे.

सेलेस्ता येथे मानवतावादी ग्रंथालय आहे. विद्वान बेआतुस रेनानुस (१४८५–१५४७) यांचा ग्रंथसंग्रह तेथे असून तो २०११ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत समाविष्ट झाला. जवळच्या डोंगरावर ओ-क्योनिग्सबूर हा किल्ला आहे. १६३३ मध्ये स्वीडिश सैन्याने तो उद्ध्वस्त केला. १८९९ मध्ये सेलेस्ता नगराने तो जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म यास भेट दिला. १९०० ते १९०८ या काळात सम्राटाने त्याची पुनर्बांधणी करवून घेतली. आज दिसणारा किल्ला म्हणूनच मध्ययुगाइतकाच जर्मन साम्राज्यकाळाचाही साक्षीदार आहे.

मध्य भागात रिबोविले, रिकवीर व कायझर्सबर्ग ही तीन ठिकाणे एकमेकांपासून जवळ आहेत. रिबोविलेच्या वर तीन पडके किल्ले आहेत. तेथील सरदार वादक-गायकांचे आश्रयदाते होते व त्यांच्या स्मरणार्थ सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी ‘फिफरदाय’ हा उत्सव भरतो. रिकवीरचा दोल्देर बुरूज तेराव्या शतकातील आहे. कायझर्सबर्ग हे नोबेल शांतता पुरस्काराचे मानकरी अल्बर्ट श्वाइट्झर यांचे जन्मस्थान होय. १८७५ मध्ये ते येथे जन्मले, तेव्हा हे गाव जर्मन साम्राज्यात होते. पहिल्या महायुद्धानंतर ते फ्रेंच नागरिक झाले.

कोलमार ही या वाइन प्रदेशाची राजधानी मानली जाते. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे शिल्पकार फ्रेदेरिक ओग्युस्त बार्तोल्दी यांचा जन्म १८३४ मध्ये येथे झाला. उंटरलिंडेन संग्रहालयातील इझेनहाइम वेदीचित्र (१५१२–१५१६) हे मातियास ग्र्युनेवाल्ड यांचे प्रमुख कार्य समजले जाते. दूषित राय धान्यामुळे होणाऱ्या दाहक रोगाच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या मठासाठी ते रंगवले होते. म्हणूनच त्यातील ख्रिस्ताच्या देहावर व्रण दाखवले आहेत. १९१७ मध्ये हे चित्र म्युनिकला हलवण्यात आले व १९१९ मध्ये परत आणले गेले.

दक्षिण भागात एगिसहाइम हे वर्तुळाकार गल्ल्यांचे गाव आहे. पोप नववे लिओ (जन्म १००२) यांचे ते जन्मस्थान मानले जाते. पुढे गेबविलेर व तान ही नगरे लागतात. तानच्या वरचा रांगेन हा तीव्र उताराचा, ज्वालामुखीजन्य खडकावरचा मळा ग्रां क्र्यू दर्जाचा आहे.

प्रवासाचे नियोजन

सावकाश प्रवासासाठी सात ते नऊ दिवस पुरेसे ठरतात. रोज मुक्काम बदलण्याऐवजी तीन-चार ठिकाणी दोन-दोन रात्री राहणे सोयीचे असते. स्त्रासबुर्ग, ओबेर्ने किंवा बार, रिबोविले आणि कोलमार हा क्रम दक्षिणेकडे नेणारा आहे. स्त्रासबुर्ग ते कोलमार हे अंतर सुमारे ७० किलोमीटर असल्याने एका मुक्कामाहून दुसऱ्याकडे जाण्यास फारसा वेळ लागत नाही.

पॅरिसहून स्त्रासबुर्गला अतिवेगवान रेल्वेने पावणेदोन तासांच्या आसपास पोहोचता येते. स्त्रासबुर्ग ते कोलमार हा रेल्वेप्रवास सुमारे अर्ध्या तासाचा आहे. ओबेर्ने, बार, दांबाक-ला-विल, सेलेस्ता, त्युर्कहाइम व तान येथे रेल्वे स्थानके आहेत. रिकवीर व कायझर्सबर्गला मात्र रेल्वे जात नाही. तेथे बस, सायकल किंवा मोटार यांचाच आधार घ्यावा लागतो. मळ्यांतून जाणारा सायकलमार्ग ‘यूरोवेलो ५’ या दीर्घ मार्गाचा भाग आहे. भारतीय नागरिकांना शेंगेन व्हिसा आवश्यक असून त्याच व्हिसावर ऱ्हाइनपलीकडील जर्मन गावांनाही जाता येते.

एप्रिल ते जून हा काळ निवांत भटकंतीस अनुकूल असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षांची तोडणी चालते. या दिवसांत मळे पाहण्यासारखे असतात, परंतु काही पायवाटा बंद ठेवल्या जातात आणि उत्पादक कामात गुंतलेले असल्याने भेटीची वेळ आधी ठरवणे इष्ट असते. रविवारी अनेक लहान तळघरे बंद असतात. फ्रान्सच्या इतर भागांपेक्षा येथे गुड फ्रायडे व २६ डिसेंबर या दोन सुट्ट्या अधिक आहेत. नोव्हेंबरच्या अखेरीपासून नाताळबाजारांमुळे गर्दी वाढते व मुक्कामाची सोय बऱ्याच आधी करावी लागते.

फ्रान्समध्ये वाहनचालकाच्या रक्तातील मद्यार्काची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम, तर नवशिक्या चालकांसाठी ०.२ ग्रॅम आहे. त्यामुळे अनेक प्रवासी चव घेण्याचे दिवस चालत, रेल्वेने किंवा बसने जाण्यासाठी राखून ठेवतात. चव घेताना वाइन गिळण्याऐवजी ठेवलेल्या भांड्यात टाकणे तेथे अशिष्ट समजले जात नाही.

खाद्यसंस्कृती

‘विन्श्टुब’ या घरगुती वळणाच्या खानावळींत स्थानिक पदार्थ मिळतात. आंबवलेल्या कोबीबरोबर डुकराचे मांस असलेले ‘शुक्रूत’, मंद आचेवर शिजवलेले ‘बेकेओफे’, पातळ पोळीवर साय, कांदा व खारवलेले मांस पसरून भाजलेली ‘तार्त फ्लांबे’ आणि ‘कुगलोफ’ हा गोड पाव हे प्रमुख पदार्थ होत. शाकाहारी प्रवाशांना मांसाविना केलेली तार्त फ्लांबे तसेच मुन्स्तेर चीज व बटाटे हे पर्याय बहुधा उपलब्ध असतात.

सद्यःस्थिती

वाढत्या तापमानामुळे द्राक्षतोडणी १९७० च्या दशकाच्या तुलनेत काही आठवडे लवकर सुरू होते. पूर्वी प्रामुख्याने ऑक्टोबरमध्ये होणारी तोडणी आता अनेकदा सप्टेंबरच्या प्रारंभी किंवा त्याहीपूर्वी सुरू होते. द्राक्षांत साखर वाढल्याने मद्यार्काचे प्रमाण वाढते आणि रीसलिंगसारख्या जातीचा आम्लपणा टिकवणे कठीण जाते. याउलट पूर्वी येथे फिकी उतरणारी पिनो न्वारची तांबडी वाइन अधिक गडद होऊ लागली असून तिची प्रतिष्ठा वाढली आहे.

दुसरा प्रश्न गर्दीचा आहे. रिकवीरची लोकसंख्या हजाराच्या आसपास आहे, पण उन्हाळ्यात व नाताळच्या काळात तेथे पर्यटकांची रीघ लागते. दिवसभर येऊन जाणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने सकाळी लवकर व सायंकाळनंतर गाव पुन्हा शांत होते. बेनवीर किंवा सिगोल्सहाइम यांसारखी नव्याने बांधलेली गावे मात्र बहुतेकांच्या वाटेतून सुटतात. त्यांचेही मळे नामांकित आहेत आणि युद्धोत्तर आल्सास कसा उभा राहिला, हे त्यांच्या रस्त्यांवर आणि घरांतच सर्वांत स्पष्टपणे पाहता येते.