करपल्लवी आणि वाणी

पुणें जिल्ह्यांतील सुपें या गांवाचें नांव इतिहासांत दोनदां ठळकपणें येतें. प्रथम तें येतें शहाजीराजांच्या जहागिरींतील एक परगणा म्हणून. त्यानंतर १८७५ सालीं मे महिन्याच्या १२ तारखेस, बाजाराच्या दिवशीं, तेथील शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल करून कर्जरोखे जाळले, आणि दक्षिणेंतील दंग्यांस येथूनच तोंड लागलें. त्या शेतकऱ्यांस बोलतां येत नव्हतें असें नव्हे. बोलण्यांत ते कोणास हार जाणारे नव्हते. परंतु ज्या कागदावर त्यांनीं निशाणी केली तो त्यांना वाचतां येत नव्हता. पुढें १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा झाला, त्यांत एक शहाणपणाची तजवीज होती. दस्त गांवच्या निबंधकापुढें लिहावा, तो मोठ्यानें वाचून दाखवावा, आणि मगच कुळानें त्यावर निशाणी करावी. डोळ्यांचें काम कायद्यानें कानांवर सोंपविलें. मग ज्याला जन्मतः कानच नाहींत, त्यानें काय करावें?

त्याच्यासाठीं जुन्या धर्मशास्त्रानें सोपा निकाल देऊन ठेवला होता. मनुस्मृतींत वारसाहक्क नसलेल्यांची जी यादी आहे तींत जन्मबधिर आणि मुका हे दोघेही आहेत. त्यांस अन्नवस्त्र द्यावें, वांटा देऊं नये. मिताक्षरेच्या आधारें इंग्रजी अमदानींतील न्यायालयेंही हाच नियम चालवीत, आणि तो उठला १९२८ च्या कायद्यानें. युरोपांतही निराळी स्थिति नव्हती. स्पेनमध्यें सोळाव्या शतकांत पेद्रो पोन्से नांवाच्या साधूनें एका बड्या सरदार घराण्यांतील बहिऱ्या मुलांना शब्द उच्चारावयास शिकविलें. त्या खटाटोपाच्या मुळाशीं वारसाहक्काचा प्रश्न होता असें बरेच इतिहासकार मानतात. बहिऱ्या मुलास कसेंही करून बोलतें करावें, या आग्रहाचा उगम असा विद्येपेक्षां मालमत्तेंत अधिक सांपडतो.

गरिबांच्या मुलांचा विचार पुढें पॅरिसच्या आबे द लेपे या धर्मोपदेशकानें केला. सुमारें १७६० पासून त्यानें शाळा चालविली आणि बहिरीं मुलें आपसांत ज्या खुणा करीत त्या स्वतः शिकून त्यांच्याच द्वारें तीं फ्रेंच वाचूं-लिहूं लागतील अशी व्यवस्था केली. गुरूनें शिष्यापासून भाषा शिकावी, हा प्रकार शिक्षणाच्या इतिहासांत विरळाच. इकडे जर्मनींत लाइपझिग येथें १७७८ सालीं सॅम्युएल हाइनिके यानें शाळा काढली ती नेमक्या उलट तत्त्वावर. उच्चारित शब्दावांचून स्पष्ट विचारच होऊं शकत नाहीं, असें तो मानी. या दोघांचा पत्रांतून कडाक्याचा वाद झाला. दोघेही सज्जन, दोघेही मुलांचे हितकर्ते. तथापि तेव्हांपासून बहिऱ्यांच्या शिक्षणांत जे दोन तट पडले ते अद्याप पुरते बुजलेले नाहींत.

या वादाचा निकाल सभेंत मतें मोजून लावण्याचा प्रयत्न १८८० च्या सप्टेंबरांत इटलींतील मिलान शहरीं झाला. जमलेल्या १६४ प्रतिनिधींपैकीं स्वतः बहिरा असा एकच होता. खुणांपेक्षां वाणी निर्विवाद श्रेष्ठ, असा ठराव तेथें प्रचंड बहुमतानें मंजूर झाला. ज्यांचा प्रश्न त्यांना वगळून प्रश्न सोडविण्याचें इतकें उघड उदाहरण शोधूनही मिळणार नाहीं. परिणाम लवकरच दिसला. युरोपांतील शाळांतून बहिऱ्या शिक्षकांस निरोप मिळाले, आणि मुलांनीं हात हलवूं नयेत म्हणून त्यांस हातांवर बसावयास लावण्यापर्यंत मजल गेली. तीस वर्षें नव्हेत, तब्बल १३० वर्षें लोटल्यावर, २०१० सालीं व्हँकूव्हर येथें भरलेल्या अशाच परिषदेनें त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला.

आपल्या इकडे आधुनिक पद्धतीची पहिली शाळा निघाली ती मिलानच्या सभेनंतर अवघ्या पांच वर्षांच्या सुमारास. मुंबईचे कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकारानें १८८५ च्या आसपास ती स्थापन झाली, आणि माझगांवांत ती दीर्घकाळ नांदत आली. पुढें कलकत्ता, अहमदाबाद, बडोदें असा हा क्रम वाढत गेला. जगांत त्या काळीं वारें वाणीचें होतें, तेंच येथेंही वाहिलें. आरशापुढें बसून ओठांची ठेवण न्याहाळावी, शिक्षकाच्या गळ्यास हात लावून कंप ओळखावा, मग तोच कंप आपल्या गळ्यांत उठवावा, अशी ही कष्टाची साधना. ती करविणाऱ्या शिक्षकांची चिकाटी वंदनीय होती, यांत शंका नाहीं.

पण ओंठ किती सांगतात? वाचकांनीं आरशापुढें उभें राहून आवाज न काढतां 'पान', 'भान', 'मान' हे तीन शब्द म्हणून पाहावेत. तिन्ही वेळां ओंठ एकसारखेच मिटतात व उघडतात. 'काडी', 'गाडी', 'खाडी' यांत तर पहिलें अक्षर घशाजवळच घडतें. बाहेरून त्याचा मागमूसही लागत नाहीं. ज्याला भाषा आधींच येते तो संदर्भावरून अडलेला शब्द ताडतो. ज्याला भाषाच अद्याप यावयाची आहे त्यानें ताडावें कशावरून? एकेक शब्द उमटविण्यांत मुलाचीं चार-पांच वर्षें जात, आणि हीच वर्षें भाषा रुजण्याचीं. वर्गांत पन्नास शब्द येणारें मूल वसतिगृहांत गेल्यावर मात्र रात्रीं दिव्याच्या उजेडांत मित्रांशीं हातांनीं तासन्‌तास बोलत असे. शिक्षकांच्या दृष्टीनें ती खोडी होती. वास्तविक तीच त्याची खरी शाळा होती.

मराठींत 'करपल्लवी' हा जुना आणि गोड शब्द आहे. बैलबाजारांत उपरण्याखालीं बोटें दाबून भाव ठरवितात, तीही एक करपल्लवीच. परंतु बहिऱ्यांची भाषा हिच्याहून निराळ्या कोटींतली आहे. बाजारांतील बोटें बोलल्या जाणाऱ्या आंकड्यांचीच नक्कल करतात. बहिऱ्यांच्या खुणांस स्वतःचें व्याकरण असतें. अमेरिकेंत विल्यम स्टोकी यानें १९६० सालीं हें प्रथम पद्धतशीर दाखविलें. भारतीय सांकेतिक भाषाही मराठीचें वा हिंदीचें रूपांतर नव्हे. मराठींत 'कोण आलें?' असें विचारतात. या भाषेंत 'कोण' ची खूण वाक्याच्या शेवटीं येते. निकाराग्वा देशांत तर १९७७ नंतर प्रथमच एकत्र आलेल्या बहिऱ्या मुलांनीं, शिक्षक ओष्ठवाचन शिकवीत असतांना, शाळेच्या अंगणांत व बसमध्यें नवी भाषाच घडविली. भाषा कानांत जन्मत नाहीं, सहवासांत जन्मते, याहून अधिक पुरावा तो कोणता?

हा सहवासच खेड्यांतल्या मुलास मिळत नाहीं. दहांपैकीं नऊ बहिरीं मुलें ऐकूं येणाऱ्या आईबापांच्याच पोटीं येतात. घरची खूण ठरलेली असते: पाणी, भाकर, गुरें, शेजारचे दादा. तेवढ्यावर दिवस निघतो. परंतु काल काय झालें, आजी कोठें गेली, हा कागद कसला, हें त्या खुणांत सांगतां येत नाहीं. आई प्रेमळ असते, हुशार असते. तिला त्या मुलाची भाषा कोणी शिकविलेली नसते, इतकेंच. उलट 'खुणा केल्यात तर तो कधींच बोलणार नाहीं' अशी भीति मात्र तिला पुष्कळांनीं घातलेली असते. या भीतीस आधार नाहीं. खुणांनीं पहिली भाषा लाभलेलें मूल दुसरी भाषा वाचावयास, आणि जमेल तितकी बोलावयासही, रिकाम्या हातांनीं येत नाहीं.

यंत्रांनींही हा प्रश्न पालटला आहे. आतां कानाच्या गाभ्यांत शस्त्रक्रियेनें उपकरण बसवितां येतें, आणि २०१४ पासून केंद्र सरकारच्या योजनेंत गरीब मुलांसाठीं प्रत्येकीं सहा लाख रुपयांपर्यंतच्या अशा उपकरणांची तरतूद झाली. लवकर शस्त्रक्रिया झालीं व पुढें वर्षानुवर्षें शिकवणी मिळालीं तर कित्येक मुलें चांगलीं बोलूं लागतात. पण तोंपर्यंत, आणि ज्यांना तें लाभत नाहीं त्यांनीं कायमचें, मुकाट बसून राहावें असें त्यांतून निघत नाहीं.

वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेंत, जी १९८३ सालीं स्थापन झाली, २००१ पासून सांकेतिक भाषा शिकविण्याचे वर्ग सुरू झाले. दिव्यांगांच्या हक्कांसंबंधींच्या २०१६ च्या कायद्यानें 'संप्रेषण' या शब्दाच्या व्याख्येंतच खुणांची भाषा घातली. दिल्लीच्या केंद्रानें २०१८ सालीं तीन हजार शब्दांचा कोश काढला; २०२१ च्या आवृत्तींत ते दहा हजार झाले. त्यांत नित्य व्यवहाराचे, वैद्यकाचे, कायद्याचे आणि शेतीचेही शब्द आहेत.