खेळ टिपणारे भिंग

शाळेच्या पारितोषिकांच्या कपाटावर टांगलेली जुनी छायाचित्रे पाहिली, तर त्यांत खेळ बहुधा आढळत नाही. आढळतो तो संघ. पुढच्या ओळीत खुर्च्यांवर मुख्याध्यापक व क्रीडाशिक्षक, मधोमध ढाल, आणि मागे हाताची घडी घालून उभी असलेली मुले. १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या आझाद मैदानावर, हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यात, शारदाश्रम विद्यामंदिराच्या विनोद कांबळी व सचिन तेंडुलकर या विद्यार्थ्यांनी ६६४ धावांची अभंग भागी केली. एवढ्या मोठ्या घटनेचे जे चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे येते, तेही धावफलकापाशी उभ्या असलेल्या दोन मुलांचे आहे, फटक्याचे नव्हे.

मैदानाचा शिष्टाचारच असा की, खेळणाऱ्यांखेरीज इतरांनी फक्कीच्या रेषेबाहेर राहावे. साध्या कॅमेऱ्याने त्या रेषेवरून टिपलेला खेळाडू चित्रात मुंगीएवढा दिसतो. हे अंतर तोडण्यासाठी जे भिंग निघाले, त्याला छायाचित्रकार 'टेलिफोटो' म्हणतात. त्याच्या इतिहासात दोन लढाया आहेत. पहिली अंतराशी, दुसरी उजेडाशी. पहिली १८९१ सालीच जिंकली गेली. दुसरीला पुढची ऐंशी वर्षे पुरली नाहीत. शालेय खेळांसाठी भिंग घेऊ पाहणारा पालक किंवा शिक्षक दुकानात पहिल्या लढाईचे आकडे विचारतो, आणि मैदानावर मात्र दुसऱ्या लढाईत सापडतो.

दूरची वस्तू मोठी दिसावी, तर भिंगाचे नाभीय अंतर मोठे हवे. आणि ते मोठे झाले की कॅमेऱ्याची पेटीही तितकीच लांबते. पुढे बहिर्गोल व मागे अंतर्गोल भिंग ठेवले, तर आखूड नळीतही मोठी प्रतिमा मिळते, हे तत्त्व केप्लरने १६११ च्या आपल्या 'डायॉप्ट्रिस' या ग्रंथात मांडले होते. पण छायाचित्रणाचा शोधच एकोणिसाव्या शतकातला. त्यामुळे त्या तत्त्वाला वापर मिळण्यासाठी पावणेतीनशे वर्षे वाट पाहावी लागली. १८९१ मध्ये इंग्लंडात टॉमस रुडॉल्फस डालमायर आणि जर्मनीत आडोल्फ मीथे व आडोल्फ स्टाइनहाइल अशा तिघांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, अशी भिंगे सिद्ध केली. काळ पिकला की शोध एकाच वेळी अनेकांच्या दारी उभा राहतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

तथापि निसर्गाचा हिशेब चोख असतो. त्याच तोंडाच्या भिंगाने प्रतिमा दुप्पट मोठी केली, की तोच उजेड चौपट क्षेत्रावर पसरतो आणि प्रत्येक बिंदूच्या वाट्याला पाव हिस्सा येतो. त्या काळच्या मंद काचपट्ट्यांवर अशा भिंगाने चित्र उमटायला वेळ लागे. म्हणून पहिली टेलिफोटो चित्रे पर्वतशिखरांची व मनोऱ्यांची आहेत. ज्यांना कोठे जायची घाई नाही असे हे विषय! धावणारा माणूस त्यांत सापडणे कठीण होते.

वेग पकडणारी मंडळी निराळ्याच वाटेने चालली होती. मायब्रिजने १८७८ साली कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याचे टप्पे टिपले. पण त्यासाठी त्याने धावपट्टीच्या कडेलाच १२ कॅमेरे मांडले होते. इंग्लंडातील क्रिकेटपटू जॉर्ज बेल्डम याने सी. बी. फ्राय यांच्यासह १९०५ मध्ये 'ग्रेट बॅट्समेन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील पुढे सरसावून फटका मारणारा व्हिक्टर ट्रंपर क्रिकेटप्रेमींना आजही ठाऊक आहे. परंतु ते चित्र सामन्यातले नाही. ट्रंपर खास कॅमेऱ्यासाठी खेळला होता. ज्याला जवळ जाता येई त्याला वेग मिळे, ज्याला दूर राहावे लागे त्याला वेग सोडावा लागे.

दोन्ही वाटा एकत्र आल्याचे ठळक ठिकाण म्हणजे १९३६ चे बर्लिन ऑलिंपिक. त्यासाठी कार्ल झाइस कारखान्याने काँटॅक्स या छोट्या कॅमेऱ्याकरिता १८० मिलिमीटर नाभीय अंतराचे 'ऑलिंपिया सोनार' भिंग तयार केले. त्याचे मर्म १८० या आकड्यात नव्हते. ते दुसऱ्या आकड्यात होते, तो म्हणजे २.८. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा येतो, आणि तो जितका लहान तितका उजेड अधिक. १८० ला २.८ ने भागले तर सुमारे ६४ मिलिमीटर व्यासाचे तोंड निघते. छोट्या कॅमेऱ्याला लावायला ते चांगलेच अवजड होते. याच बर्लिनमध्ये १५ ऑगस्टला ध्यानचंदच्या संघाने जर्मनीला ८-१ असे हरविले, आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके केली.

याहून लांब भिंगाला एवढे मोठे तोंड द्यायचे, तर रंग आडवे येत. काचेतून निरनिराळे रंग निरनिराळ्या ठिकाणी एकवटतात आणि प्रतिमेला रंगीत झालर लागते. भिंग जितके लांब तितकी ती डोळ्यांत भरते. १९६९ साली कॅननने कृत्रिम फ्लोराइट स्फटिकाचे ३०० मिलिमीटरचे भिंग आणले, आणि १९७२ च्या साप्पोरो हिवाळी ऑलिंपिकसाठी निकॉनने विशेष काचेचे ३०० मिलिमीटर, एफ २.८ भिंग घडविले. त्याचे तोंड १०७ मिलिमीटरांचे! पुढे १९८५ मध्ये मिनोल्टाच्या कॅमेऱ्याने प्रतिमा आपोआप रेखीव करण्याची सोय रूढ केली, आणि १९८७ मध्ये कॅननने भिंगाच्या आतच ध्वनिलहरींवर चालणारी मोटर बसविली. तोवर पळत्या गड्यामागे भिंगाचे कडे फिरवीत राहणे ही हातात मुरवावी लागणारी विद्या होती.

आता शाळेच्या मैदानाकडे वळावे. खो-खोचे क्रीडांगण सुमारे २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. ३६ मिलिमीटर रुंदीच्या चित्रपटलावर २०० मिलिमीटरचे भिंग २० मीटरांवरचा ३.६ मीटर रुंद भाग दाखविते. खांबावरून सूर मारणारी मुलगी त्यात नीट मावते. तेथे ४०० मिलिमीटरचे भिंग नेले, तर ऐन क्षणी पळणारीचा गुडघा तेवढा हाती लागायचा. उलट क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून ६० मीटरांवरच्या फलंदाजाभोवती २०० मिलिमीटरचे भिंग १०.८ मीटर मैदान दाखविते. तेथे ४०० लागतेच. सर्वसाधारण शाळेला ७० ते २०० मिलिमीटर, एफ २.८ हे बदलत्या पल्ल्याचे भिंग पुरेसे होते. त्याचे वजन दीड किलोच्या आसपास असते.

स्वस्त भिंगे ३०० मिलिमीटरपर्यंत पोचतात खरी, पण तेथे त्यांचा दुसरा आकडा ५.६ असतो; म्हणजे उजेड एफ २.८ च्या पाव. शालेय स्पर्धांचे अंतिम सामने तर नेमके ऊन कलल्यावर, पाहुणे आल्यावर सुरू होतात. पळणारा स्थिर दिसायला पडदा एका सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरता किंवा त्याहून कमी उघडावा लागतो, आणि कडुनिंबाच्या सावलीत त्या अवधीत पाव उजेड पुरत नाही. आजच्या डिजिटल कॅमेऱ्याची संवेदनक्षमता वाढवून ही तूट बरीच भरता येते. परंतु मोठ्या तोंडाच्या भिंगाचा आणखी एक गुण तिने येत नाही. मागची कुंपणाची भिंत, सायकली, मंडपाच्या कनाती हे सारे अस्पष्ट होऊन मुलाचा चेहराच काय तो उठून दिसणे, हा तो गुण.

मागे जोडायचे दुप्पट वाढीचे भिंग घेऊन २०० चे ४०० करण्याचा मोह अनेकांना होतो. ते म्हणजे अंतर्गोल भिंगाचीच जुनी युक्ती. तीन चतुर्थांश उजेड घेऊन ती पल्ला देते, आणि २.८ चे ५.६ होतात. त्यापेक्षा पंचांची परवानगी काढून खांबामागे रेषेबाहेर जमिनीवर बसणे बरे. मुलांची छायाचित्रे दुरून घ्यायची, तर शाळेची व पालकांची संमतीही त्याच वेळी घ्यावी, कारण या भिंगापुढच्या मुलाला आपण टिपले जात आहोत हे कळत नाही.