लोखंडी नांगर: फाळाचा धातू आणि पेटंटचा हक्क

नांगराचा सगळा भार फाळावर येतो. जमिनीत शिरते ते त्याचे टोक आणि सर्वांत आधी झिजतो तोही तोच. फाळाने कापलेला मातीचा थर मागचा वळणदार पंख उचलून एका बाजूला पालथा करतो. भारतातील जुन्या देशी नांगराला असा पंख नव्हता. तो जमीन चिरत असे, उलथत नसे. युरोपातील नांगरांना पंख होता, पण 18 व्या शतकापर्यंत तो बहुधा लाकडाचा असे आणि त्यावर लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या असत. पंखाचा आकार सुताराच्या अंदाजावर, तर फाळाची धार लोहाराच्या ऐरणीवर अवलंबून असे. या दोन गोष्टी कारखान्यात कशा आल्या, हाच लोखंडी नांगराचा इतिहास आहे.

इंग्लंडमध्ये 1730 साली जोसेफ फोल्जँब आणि डिझ्नी स्टॅनिफर्थ यांनी रॉदरहॅम नांगराचे पेटंट घेतले. हा नांगर हलका होता. त्यामुळे दोन घोडे आणि एक माणूस एवढ्यावर काम भागू लागले. पुढे स्कॉटलंडच्या जेम्स स्मॉलने पंखाचे वळण प्रयोगांनी ठरवले आणि तो बिडात ओतवून घेतला. त्याने मात्र पेटंट घेतले नाही. त्याचा नांगर सर्वत्र पसरला, पण स्वतः स्मॉल गरिबीतच वारला.

खरी अडचण धातूचीच होती. घडीव लोखंडाचा फाळ मऊ असल्याने तो वारंवार लोहाराकडे न्यावा लागे. बीड स्वस्त आणि कठीण, पण एकदा बोथट झाले की त्याला ठोकून धार लावता येत नाही. इंग्लंडच्या रॉबर्ट रॅन्समने 1785 मध्ये बिडाच्या फाळाचे पेटंट घेतले आणि 1803 मध्ये त्याहून मोलाचा शोध आपल्या नावावर केला. त्याच्या ओतशाळेत वितळलेले लोखंड थंड धातूवर सांडले आणि तेवढाच भाग विलक्षण कठीण झाला, असे सांगतात. बीड झपाट्याने थंड झाले की त्यातील कार्बन लोखंडाशी जखडून राहतो आणि धातू पांढरा, कठीण होतो; सावकाश थंड झाले तर कार्बन ग्रॅफाइटच्या रूपाने सुटा होतो आणि धातू करडा, मऊ राहतो. रॅन्समने फाळाची खालची बाजू लोखंडी साच्यावर आणि वरची वाळूत ओतली. शेतात वरची मऊ बाजू आधी झिजे, खालची टिके आणि धार आपोआप कायम राही. मातीच्या ज्या घर्षणाने आजवर फाळ बोथट होत आला, तेच घर्षण आता त्याला धार लावू लागले. नांगराच्या इतिहासात याच्या तोडीची युक्ती क्वचितच सापडते. 1808 मध्ये रॅन्समने सुटे भाग बदलता येणाऱ्या नांगराचेही पेटंट मिळवले.

अमेरिकेत 1790 चा पेटंट कायदा झाला तेव्हा अर्ज तपासणाऱ्या तिघांत परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन होते. त्यांनी स्वतः कमीत कमी ओढ लागेल असा पंख गणिताने आखला होता. तो लाकडाच्या ठोकळ्यातून कसा कापावा, याची कृती त्यांनी प्रसिद्ध केली. पेटंट मात्र घेतले नाही. न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डने 1797 मध्ये अखंड ओतलेल्या बिडाच्या नांगराचे पेटंट घेतले. लोखंडाने जमीन विषारी होते आणि तण माजते, या समजुतीने शेतकऱ्यांनी तो नाकारला. शिवाय अखंड ओतकामामुळे एक भाग तुटला की सगळा नांगर वाया जाई, हेही खरेच होते. न्यूयॉर्क राज्यातील जेथ्रो वुडने 1819 च्या पेटंटात ही उणीव दूर केली. त्याने फाळ, पंख आणि बाजूपट्टी वेगवेगळी ओतली. त्यामुळे मोडलेला भाग तेवढा बदलता येई. हा नांगर इतका पसंत पडला की त्याच्या नकला सर्रास निघाल्या आणि वुडचा बराच पैसा कोर्टकचेऱ्यांत गेला. पेटंट न घेणारा स्मॉल जसा रिकाम्या हाती राहिला, तसाच पेटंट घेणारा वुडही. रॅन्समची भरभराट झाली, कारण त्याच्याकडे ओतशाळाही होती आणि झिजलेल्या फाळाचा गिऱ्हाईक पुन्हा तिथेच येई.

इलिनॉयच्या चिकट काळ्या गवताळ जमिनीत बिडाचे नांगर हरले, कारण ओली माती पंखाला चिकटून बसे. 1837 मध्ये ग्रँड डिटूर येथील लोहार जॉन डीअरने मोडक्या करवतीच्या पोलादी पात्यापासून फाळ केला. त्याच्या गुळगुळीत नांगरावरून माती आपोआप घसरू लागली. दुसऱ्या बाजूला, साउथ बेंडच्या जेम्स ऑलिव्हरने 1857 पासून घेतलेल्या पेटंटांत झटपट थंड केलेल्या बिडाचे दोष दूर केले. साच्यात गरम पाणी खेळवून आणि वायू निघून जाण्यासाठी खाचा ठेवून त्याने ओतकामातील पोकळ्या टाळल्या.

भारतात पेटंटचा पहिला कायदा 1856 चा. शेती सुधारणेच्या पाहणीसाठी 1889 मध्ये आलेल्या जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी अहवालात देशी अवजारांची बाजू घेतली होती: ती स्वस्त, हलकी, गावातच दुरुस्त होणारी आणि बैलांना झेपणारी होती. त्यांचे म्हणणे रास्त होते. दख्खनच्या काळ्या रानात मात्र हराळी आणि कुंदा ही तणे खोलवर मुळे रोवून बसत आणि लाकडी नांगराला ती उपटायला बरेच बैल जुंपावे लागत. बेळगावात सायकलींचे दुकान चालवून पुढे कडबा कापण्याची यंत्रे करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 मध्ये लोखंडी नांगर बाजारात आणला. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीला विष चढते, ही न्यू जर्सीची भीती शंभर वर्षांनंतर इथेही शेतकऱ्यांच्या मनात होती, आणि ती शेत पाहूनच गेली. 1910 मध्ये औंध संस्थानाच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखाना जवळ असल्याने नवा फाळ मिळवणे सोपे झाले. व्होल्करांनी मांडलेली दुरुस्तीची अडचण इथे बरीचशी सुटली.

ट्रॅक्टर आल्यावर नांगर मोठे झाले आणि फाळाला बोरॉन मिसळलेले, पाणी दिलेले पोलाद वापरले जाऊ लागले. तो आजही सुटा असतो, नटबोल्टने बसवला जातो आणि झिजला की बदलला जातो.