ईना मीना आणि मूंड

माघ पौर्णिमेला कचारगडच्या जत्रेत एक आजी बोरांचे वाटे मांडत होती. तोंडाने मोजणी सुरू: उंदी, रंड, मुंड, नालुंग. गोंडी आकडे. मी तिसऱ्यावरच अडकलो. अहो, हा तर आमच्या विटीदांडूतला! वकट, लेंड, मूंड, नाल म्हणत आम्ही विटी टोलवायचो आणि ते शब्द निव्वळ पोरखेळाचे समजायचो.

खरं तर तेव्हा मी मागे लागलो होतो एका गाण्याच्या. ‘ईना मीना डीका’. चित्रपट ‘आशा’, साल १९५७, संगीत सी. रामचंद्र, शब्द राजेंद्र कृष्ण, एकदा किशोरकुमार आणि एकदा आशाबाई. बिल हेलीचा रॉक अँड रोल जगभर गाजला, त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. आकाशवाणीवर चित्रपटगीतांना तोंड वर काढू न देणारे मंत्री बा. वि. केसकर, तेही मराठीच. लोक बिनाका गीतमालेसाठी रेडिओ सिलोन लावत. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. हे एकट्या ईना-मीनाने केलं असं म्हणणार नाही, पण म्हणावंसं वाटतं.

मुद्दा त्या निरर्थक शब्दांचा. रूढ कथा अशी की संगीताच्या खोलीबाहेर पोरं खेळताना इंग्रजी ‘ईनी मीनी’ म्हणत होती, तेच अण्णांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी उचललं. असेल. पण गाण्यात मध्येच ‘माका नाका’ येतं त्याचं काय? त्याचं श्रेय अण्णांचे गोवेकर साहाय्यक जॉन गोम्स यांना देतात. ते बडबडणं नव्हेच. ती सरळ कोकणी आहे: मला नको. शिस्तीच्या रेडिओच्या काळात कमरेत लचक भरवणाऱ्या गाण्याच्या मधोमध ‘मला नको’! बंड म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? आणि देशभर लोक ते अर्थहीन समजून नाचत राहिले. आजही गोंदियात वरातीचा बँड ही चाल धरतो तेव्हा नवरदेवाचा काकासुद्धा हातरुमाल काढतो.

म्हणजे निरर्थक वाटणारा शब्द बहुधा शेजाऱ्याचा अर्थपूर्ण शब्द असतो. मूंडही तसाच.

जाणकार म्हणतील, यात नवीन काय? विटीदांडूची मोजणी तेलुगू-कानडीतून आली हे जुनंच मत आहे. मान्य. वकट म्हणजे तेलुगू ‘ओकटि’च, गोंडी ‘उंदी’पासून वकट काही केल्या निघत नाही. लेंड हा ‘रेंडु’ असेल, गोंडी ‘रंड’ही असेल. पण तीनला कानडी म्हणते ‘मूरु’ आणि आजची तेलुगू ‘मूडु’. मग आमच्या मूंडमधला अनुस्वार आला कुठून? गोंडीत तो जसाच्या तसा बसलेला आहे. जुन्या तेलुगूतही तीनच्या शब्दात अर्धानुस्वार लिहीत, हे मला ठाऊक आहे. त्याने माझ्या तर्काचा एक पाय लंगडा होतो. तरी माझं मत असं: खेळ तेलंगणाकडून आला, पहिला आकडा घेऊन आला, आणि झाडीपट्टीत मुक्काम करताना तिसरा गोंड पोरांनी दुरुस्त केला. पुढे तो पुण्यापर्यंत कसा गेला? विटीसारखाच, टोलवत टोलवत. अण्णा स्वतः नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकलेले. विटी त्यांनीही टोलवली असणारच.

या तर्काला आता एकच पुरावा हवा आहे. गोंडीत पाचला ‘सैयुंग’ म्हणतात, तेलुगूत ‘ऐदु’. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावकडच्या कुणाच्या आजोबांच्या विटीदांडूत नालनंतर ‘स’ने सुरू होणारा शब्द येत असेल, तर कृपा करून मला कळवा.